किडनी बीपीच्या गोळीने बिघडली की दुखण्याच्या?

प्रश्न असा आला आहे: आई ६७ वर्षांची, गावी राहते. बीपी आणि शुगर दोन्ही बरीच वर्षं आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची. गुडघे दुखतात म्हणून तीनेक महिने मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा घेते. पायावर सूज आली म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) ०.९ चं १.६ झालेलं. आता शेजारच्या बायका सांगतात की बीपी-शुगरच्या गोळ्यांनीच किडनी जाते, म्हणून तिने त्याच बंद करायचं ठरवलंय. दुखण्याची गोळी 'साधी' आहे म्हणून ती चालूच. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. खरं काय समजायचं?

आधी आजचं काम सांगतो, कारणं नंतर. दुखण्याची गोळी आजपासून बंद. बीपीची आणि शुगरची गोळी आईने आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि पुढच्या आठवड्याची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करून जुना आणि नवा, दोन्ही आकडे सांगा, दुखण्याची गोळी किती दिवस चालू होती तेही सांगा. ते कदाचित बीपीची गोळी काही दिवस थांबवतील किंवा बदलतील, मेटफॉर्मिन कमी करतील, रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगतील. थांबवायची झाली तर ती त्यांनी आकडे बघून थांबवलेली असावी, शेजारच्या सल्ल्याने नाही. लघवी एकदम कमी झाली, धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या किंवा आई गुंगीत वाटली तर फोनही नको, सरळ दवाखाना गाठा.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. तालुक्याच्या गावी बरीच वर्षं मेडिकल चालवतो. निदान आणि डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. गोळी पोटात गेल्यावर काय करते आणि माणसं ती घरी कशी घेतात, हे मात्र रोज बघतो, तेवढ्यावरच बोलतो.

लोकांच्या मनात असं असतं की गुडघ्याची गोळी गुडघ्यात जाते आणि डोक्याची डोक्यात. गोळीला गुडघा कुठे आहे ते माहीत नसतं. ती आतड्यातून रक्तात उतरते आणि रक्त जाईल तिथे जाते. दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं बनवतं, त्यांच्यामुळे सूज आणि ठणका वाढतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, तुमच्या आईच्या गोळीत बहुतेक असेल ते असेक्लोफेनॅक, ही सगळी मंडळी ते रसायन बनू देत नाहीत. ॲस्पिरिनचं काम असं चालतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, त्यासाठी १९८२ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पंचाईत अशी की हीच रसायनं पोटाच्या आतल्या अस्तराला आम्लापासून जपतात आणि किडनीला रक्त पुरवायला मदत करतात. ठणका बंद होतो त्याच वेळी ही राखणही बंद पडते.

म्हणूनच 'गोळीने ॲसिडिटी होते, त्यापेक्षा इंजेक्शन मारा' या मागणीला फारसा अर्थ नाही. अल्सर काही फक्त गोळी पोटात घासल्याने होत नाही. कंबरेत सुई मारली तरी औषध रक्तातून पोटाच्या अस्तरापर्यंत पोचतंच.

आता किडनीचं. आमच्याकडे द्राक्षबागा आहेत, त्यामुळे ठिबकच्या फिल्टरचं उदाहरण लगेच पटतं. फिल्टर चालायला दाब लागतो. टाकीत पाणी हवं, येणारा कॉक नीट उघडा हवा आणि पुढचा कॉक जरा आवळलेला हवा. किडनीतल्या प्रत्येक बारीक गाळणीला असेच दोन कॉक आहेत. येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लॅंडिन करतात. दुखण्याची गोळी तो कॉक बंद करत आणते. जाणारी रक्तवाहिनी आवळून धरायचं काम अँजिओटेन्सिन नावाचं रसायन करतं. टेल्मिसार्टन ते सोडवतं, म्हणजे पुढचा कॉक मोकळा होतो. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध, ते टाकीतलं पाणी कमी करतं. एकेकटं यातलं कुठलंही बहुतेकांना सोसतं. तिन्ही एकदम आली की गाळणीतला दाब पडतो, रक्त गाळलं जात नाही आणि क्रिएटिनिन चढतं. वय साठीच्या पुढचं, त्यात उन्हाळा, जुलाब किंवा उपवास असला तर लवकर चढतं.

डॉक्टरी जगात हे त्रिकूट चांगलंच ओळखीचं आहे. घरात मात्र त्यातल्या दोन औषधांची नोंद असते, कारण ती डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेली असतात. तिसरं औषध 'मेडिकलमधून आणलेली साधी गोळी' असतं. 'कुठली औषधं चालू आहेत?' असं डॉक्टर विचारतात तेव्हा ते कोणी सांगत नाही, कारण ते औषध आहे असंच कुणाला वाटत नाही.

मग बीपीच्या गोळीवर आळ का येतो? एक तर ज्याची किडनी बिघडते तो बहुधा बीपीचा किंवा शुगरचा जुना पेशंट असतो, त्यामुळे त्या गोळ्या चालू असतातच. किडनी खराब करतात ते चढलेलं बीपी आणि चढलेली शुगर, आणि दोष जातो गोळीला. दुसरं, यात थोडं तथ्यही आहे. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं सुरू केली की पुढचा कॉक मोकळा झाल्यामुळे क्रिएटिनिन थोडं वर जातं. सुरुवातीच्या आठवड्यांत साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, कारण गाळणीवरचा फाजील दाब कमी होणं पुढे किडनीच्या फायद्याचंच असतं. शुगरच्या पेशंटच्या लघवीतून प्रोटीन जायला लागलं तर हीच औषधं मुद्दाम देतात. आईचा आकडा ०.९ वरून १.६ झालाय, म्हणजे वाढ ७५ टक्क्यांच्या वर. शिवाय बीपीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे आणि नवीन आली ती फक्त दुखण्याची. माझं बोट तिकडेच जाईल. अर्थात शुगर जुनी असल्यामुळे तिनेही किडनीला काही केलं असेल, म्हणून लघवीतलं प्रोटीन आणि बहुधा सोनोग्राफी डॉक्टर बघतील.

१.६ हा आकडा दिसायला किरकोळ वाटतो, तसा तो नाही. क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष यावरून किडनीच्या कामाचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. ६७ वर्षांच्या बाईला ०.९ असताना तो साधारण ७० येतो, १.६ ला ३५. म्हणजे काम निम्म्यावर आलं. लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर छापून मागा.

सूजही याच गोष्टीतली आहे. दुखण्याच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्याने पाय सुजतात, बीपी चढतं, आणि बीपीच्या गोळीचा जोर उतरतो. पुढे काय होतं ते काउंटरवरून नेहमी दिसतं. बीपी वाढलं म्हणून चिठ्ठीवर ॲम्लोडिपिन वाढतं. ॲम्लोडिपिनने घोट्याशी सूज येऊ शकते. सूज आली म्हणून लघवीची गोळी येते. त्याने पोटऱ्यांत गोळे येतात आणि बाई पुन्हा दुखण्याची गोळी मागायला येते. दर वेळी एक गोळी वाढते. पहिल्या गोळीकडे परत जाऊन कोणी बघत नाही.

शुगरचं एक सांगायचं राहिलं, आणि ते फसवं आहे. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन शरीराबाहेर जायला वेळ लागतो, कारण ते जसंच्या तसं लघवीवाटेच जातं. म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोस कमी करतात आणि ३० च्या खाली ते बंदच करतात. ग्लिमेपिराइड आणि शरीरातलं इन्सुलिन यांचाही असर लांबतो. मग शुगरचे आकडे एकाएकी छान यायला लागतात. घरचे खूश होतात, 'पथ्य लागू पडलं' म्हणतात. आईला पहाटे घाम येणं, हात थरथरणं, नुसतंच बावचळल्यासारखं होणं असं काही होतंय का ते विचारा, आणि चार दिवस सकाळी उपाशीपोटी शुगर बघून लिहून ठेवा. एकादशीचा किंवा चतुर्थीचा उपवास धरत असतील तर या काळात नकोच. ग्लिमेपिराइड घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहणं धोक्याचं.

घरोघरी 'किडनी साफ' करायचे उपाय लगेच सुरू होतात, त्यांतले दोन थांबवा. एक म्हणजे शहाळं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. किडनी मंद आणि जोडीला टेल्मिसार्टन, अशा वेळी पोटॅशियम साठतं आणि ते जास्त चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. दुसरं, बीपीसाठी चांगलं म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत साधंच मीठ, पण कमी. पाणी तहानेइतकं. सूज असताना तांब्यावर तांब्या पाणी पाजू नका.

आता ती दुखण्याची गोळी नेमकी कुठली, ते शोधायला लागेल. आईला स्ट्रिप दाखवायला सांगा. बऱ्याचदा दुकानदार चार-चार गोळ्या कापून देतो. नाव स्ट्रिपच्या एका कडेला, मुदत दुसऱ्या कडेला, आणि हातात आलेल्या तुकड्यावर नुसता चंदेरी कागद. मग गिऱ्हाईक येऊन 'ती केशरी गोळी द्या' म्हणतं. केशरी गोळ्या माझ्या कपाटात कितीतरी आहेत. तुकडा घेऊ नका. घ्यावाच लागला तर नाव असलेल्या बाजूचा मागा आणि पाकिटावर नाव व तारीख लिहून घ्या.

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, ते विसरा. खाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं, मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा. ब्रँडच्या नावामागे लावलेलं शेपूटही बरंच सांगतं. दुखण्याच्या गोळीला 'पी' असेल तर बहुधा आत पॅरासिटामॉलही आहे. 'एसपी' असेल तर सेराशिओपेप्टिडेज जोडलेलं असतं, त्याच्या उपयोगाचे पुरावे तसे कच्चेच आहेत. 'एमआर' म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, त्यातल्या काहींनी म्हाताऱ्या माणसांना झापड येते. बीपीच्या गोळीमागचं 'एच' म्हणजे बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड, 'एएम' म्हणजे ॲम्लोडिपिन. शुगरच्या गोळीमागचं 'एम' म्हणजे मेटफॉर्मिन. हा काही कायदा नाही, कंपन्यांची रीत आहे, त्यामुळे शेवटी बारीक अक्षरंच खरी.

ही बारीक अक्षरं न वाचल्याने एकच औषध दोनदा पोटात जातं. एका आजींचं सांगतो, ओळख पटेल असे तपशील गाळून. मुलाने शहरातल्या जनऔषधी केंद्रातून टेल्मिसार्टन आणून दिलं, त्यावर फक्त औषधाचंच नाव. गावातल्या डॉक्टरांनी लिहिलेली ब्रँडची गोळी घरात होतीच. आजी दोन्ही घेत होत्या, 'एक मुलाची, एक डॉक्टरांची'. सकाळी उठून उभं राहिलं की चक्कर यायची. बीपीचं औषध दुप्पट चाललंय हे दोन्ही स्ट्रिपा काउंटरवर शेजारी ठेवल्यावर कळलं. जनऔषधीची गोळी चांगलीच होती, तिचा काही दोष नाही.

पॅरासिटामॉलचंही असंच. दुखण्याच्या गोळीत ३२५, तापाची म्हणून ६५० वेगळी, सर्दीच्या गोळीत पुन्हा ५००. धडधाकट माणसाला दिवसाची कमाल ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. आईसारख्या वयस्क, अंगाने बारीक माणसाला डॉक्टर त्याहून बरंच कमी ठेवतात. हद्द ओलांडली की मार लिव्हरवर बसतो, आणि पहिला दिवसभर काही जाणवत नाही म्हणून जास्तच वाईट. पण हद्दीत राहून घेतलं तर आईच्या गुडघ्यासाठी पोटात घ्यायचं त्यातल्या त्यात बरं औषध हेच. किती आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. पाण्यात विरघळून फसफसणारं पॅरासिटामॉल मात्र नको, त्यात सोडियम बरंच असतं.

गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं जेल लावता येईल का, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. जेलमधून रक्तात जाणारा भाग गोळीच्या मानाने फार कमी, साधारण ६ टक्के. एरवी मी वयस्कांना गोळीपेक्षा जेलच सुचवतो. तुमच्या आईचा आकडा ताजा चढलेला आहे, म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत तेही थांबवा. नंतर लावायचं तर हलक्या हाताने, वरून गरम पिशवीचा शेक देऊ नका, त्याने औषध जास्त आत शिरतं.

मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम मात्र आजपासून करता येईल. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून लोक सोडून देतात. संडासला कमोड किंवा कमोडची खुर्ची, भाजी निवडायला जमिनीऐवजी टेबल. गुडघ्याला हे गोळीइतकंच उपयोगी पडतं, असं माझं मत आहे, आणि यात माझ्या दुकानाचा काही फायदा नाही.

आमच्या धंद्याबद्दलही बोलायला हवं. असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक ही शेड्यूल एचमधली औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तरी विकली जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. गिऱ्हाईक परत पाठवलं तर ते चार दुकानं पुढे जातं. वारीच्या दिवसांत तर अठरा-वीस दिवस चालणारी म्हातारी माणसं खिशात दुखण्याच्या गोळ्यांची स्ट्रिप घेऊनच निघतात. घाम, कमी पाणी, बीपीची गोळी आणि वर ही. त्यांना मी एवढंच सांगतो की जुलाब-उलट्या लागल्या तर दुखण्याची गोळी ताबडतोब बंद, आणि बीपीची लघवीवाली गोळी व मेटफॉर्मिन त्या दिवशी घ्यायचं का ते तिथल्या वैद्यकीय पथकाला विचारा. हा नियम तुमच्या आईलाही कायमचा लागू आहे.

डायक्लोफेनॅकने किडनीचं काय होतं याचा सगळ्यात मोठा पुरावा गिधाडांनी दिला. गुरांना हे औषध द्यायचे, ती मेली की गिधाडं ती खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. देशातली गिधाडं जवळजवळ संपली, तेव्हा २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गायीच्या अंगात असेक्लोफेनॅकचं डायक्लोफेनॅकच होतं, म्हणून २०२३ मध्ये गुरांसाठी त्यावरही बंदी घातली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, घाबरवायला सांगत नाही. पण 'साधी गोळी' हा शब्द मला त्यामुळे नेहमी खटकतो.

आई कुठे 'जडीबुटीची पुडी' घेत नाही ना, हेही हळूच विचारा. गुडघेदुखीवर जादूसारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत आणि काळ्या गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. त्याने शुगर भडकते, तोंड सुजल्यासारखं गोल होतं. आणि महिनोन् महिने घेतली असेल तर ती एका दिवसात तोडू नका, डॉक्टरांना दाखवा. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि एकदम तोडलं तर माणूस कोसळू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक गोळी एका पिशवीत भरून न्या. उशाखालची, देवघरातल्या डब्यातली, मैत्रिणीने दिलेली, सगळी. दुखण्याची गोळी थांबवून साधारण एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायला सांगतील, तारीख त्यांनाच विचारा. गोळीचा त्रास वेळीच थांबला तर आकडा बऱ्याच जणांचा खाली येतो, पूर्ण ०.९ वर येईलच असं नाही. आणि गोळीनेच हे झालं असं डॉक्टरांचंही मत पडलं तर त्याची नोंद सरकारच्या औषध-दुष्परिणाम हेल्पलाइनवर करता येते, नंबर १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. फोन करताना स्ट्रिप हाताशी ठेवा, बॅच नंबर विचारतात.